पंचवीस हजारांत हातानं बनवलेला क्यू: नाशकात काय मिळतं आणि काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेज रोडच्या एका पार्लरमध्ये दोन वर्षं स्नूकर खेळतोय, सगळ्यात मोठा ब्रेक (एका पाळीत सलग केलेले गुण) चाळिशीतला, आता स्वतःचा हातानं बनवलेला क्यू, म्हणजे खेळायची काठी, घ्यायचा आहे. बजेट पंचवीस हजार. नाशकात मिळेल का, खरा कसा ओळखायचा, आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे की नाही, ते आधी सांगतो. बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

हातानं बनवलेल्या क्यूमुळे जास्त पॉट जात नाहीत, म्हणजे जास्त चेंडू खिशात पडत नाहीत. स्टीफन हेंड्रीनं १९९० ते १९९९ या काळातली आपली सातही जागतिक विजेतेपदं रेक्स विल्यम्स या जुन्या खेळाडूच्या नावाच्या एका साध्या पॉवरग्लाइड क्यूनं जिंकली. २००३ साली विमानप्रवासात तो मोडला, तोपर्यंत तोच त्याच्या हातात होता. तेव्हा ‘भारी क्यू आला की गेम सुधारेल’ हे डोक्यातून काढून टाका. पार्लरच्या रॅकमधला रोज वेगळा क्यू उचलण्यापेक्षा एकच सरळ, योग्य वजनाचा क्यू वर्षानुवर्षं वापरणं, यानं मात्र गेम नक्की सुधारतो. तो क्यू पाच हजारांचाही असू शकतो.

मग वरचे पैसे कशाचे? माझ्या मते मुख्यतः लाकडाला दिलेल्या वेळाचे. चांगला कारागीर ॲश या लाकडाची फळी घेऊन लगेच दांडा तासत नाही. आधी जाडसर निमुळता दांडा काढतो आणि काही आठवडे टांगून ठेवतो. लाकडात अडकलेला ताण सुटतो तसा दांडा थोडा वाकतो. मग पुन्हा थोडा तासायचा, पुन्हा टांगायचा. या फेऱ्यांत बरेच दांडे बाद होतात आणि त्यांची किंमत उरलेल्यांवर चढते. कारखान्यात ही विश्रांती कमी होते, कारण गोदामात पडून राहिलेलं लाकूड म्हणजे अडकलेलं भांडवल. दुकानात दोन्ही क्यू सारखेच सरळ दिसतात. फरक नाशकासारख्या हवेत कळतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला, हवा कोरडी ठक्क. जुलैत भिंतींना ओल. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पाच-सहा अंश झाले की आपल्याकडेही कपाटातलं लाकूड कुरकुरतं. त्यात पार्लरचा एसी. या सगळ्यातून दोन वर्षं गेल्यावर जो दांडा सरळ राहतो, त्याचेच पैसे तुम्ही देत असता. बाकीचं बरंचसं सजावट.

सजावटीचं खरंखोटं मात्र ओळखता आलं पाहिजे, कारण फसवणूक तिथेच होते. मागचा काळा भाग, म्हणजे बट, पुढच्या ॲशच्या दांड्याला जोडण्याच्या पद्धतीला स्प्लाइस म्हणतात. हाताच्या स्प्लाइसमध्ये दांड्याच्या मागच्या टोकाला चारही बाजूंनी रंधा मारून उतरती सपाटी काढतात. समोरासमोरच्या दोन बाजूंवर आबनुसाच्या पट्ट्या चिकटवतात, त्या सुकल्या की उरलेल्या दोन बाजूंवर. मग तो चौकोनी ठोकळा रंध्यानं गोल करत आणतात. सपाट सांधा जिथे गोल होत जाणाऱ्या पृष्ठभागाला मिळतो तिथे काळ्या लाकडाचं टोक आपोआप वळणदार उमटतं, वर गोलसर. चांगल्या कारागिराची चारही टोकं जवळपास एका उंचीला येतात, पण त्यांच्या कडा सरळ रेषेत नसतात. मशीनच्या स्प्लाइसमध्ये दोन्ही लाकडांत करवतीनं व्हीच्या आकाराच्या खाचा पाडून ती एकमेकांत बसवतात, म्हणून टोकं अणकुचीदार आणि कडा पट्टीनं आखल्यासारख्या. एवढं पाहिलं की नव्वद टक्के शंका मिटते.

मजबुतीत मशीनचा सांधा कमी असतो असं अजिबात नाही. तो अनेकदा जास्तच भक्कम असतो. मी नाक मुरडतो ते तिसऱ्या प्रकाराला: स्प्लाइसच नाही, काळा रंग किंवा छापील नक्षी वरून चढवलेली, आणि जाहिरातीत ‘हॅण्डमेड’. असा क्यू उजेडात आडवा धरा. आबनूस आणि ॲशच्या सीमेवर, रंगीत पट्ट्या असतील तर त्या प्रत्येक पट्टीच्या कडेला, लाकडाचे रेघोटे बदलताना दिसले पाहिजेत. काळ्या भागावर ॲशचीच खोलगट छिद्रं सरळ पुढे जाताना दिसली, तर तो रंग आहे. बटच्या तळाला रबर असेल तर विक्रेत्याला ते काढून दाखवायला सांगा. आतलं लाकूड नुसतं मध्यभागी नाही, पार कडेपर्यंत पिवळट निघालं तर उत्तर मिळालं.

आबनुसाचं एक जाता जाता. सिन्नरच्या बिड्या ज्या पानात वळल्या जायच्या ते टेंभुर्णीचं झाड आबनुसाच्याच कुळातलं, आणि त्याच्याही जुन्या झाडाचा गाभा काळाच असतो. क्यूच्या बटला मात्र बहुतेक आफ्रिकेतला आबनूस लागतो. तो पाण्यात बुडण्याइतका जड असतो, म्हणून बटमध्ये फारसं वजन भरावं लागत नाही आणि तोल नैसर्गिकपणे मागे येतो. जंगलं संपत चालल्यामुळे निखळ काळा आबनूस महाग झाला आहे. करड्या किंवा तपकिरी रेघांचा आबनूस स्वस्त मिळतो आणि खेळायला काडीचाही फरक नसतो. तुमच्या बजेटमध्ये रेघा असलेला बट खुशाल घ्या. रोझवूडच्या बटचा क्यू परदेशातून मागवताना मात्र जपून, कारण २०१७पासून रोझवूडच्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत आणि कागदपत्रांवरून पार्सल अडकू शकतं.

ॲशचीही गोष्ट फार वेगळी नाही. स्नूकर हा खेळ जन्मला आपल्या जबलपूरच्या छावणीत, १८७५ साली, पण त्याच्या क्यूचं लाकूड येतं मुख्यतः उत्तर अमेरिकेतून. तिथे २००२मध्ये मिशिगनमध्ये एक हिरवा भुंगा सापडला आणि त्यानंतर त्यानं कोट्यवधी ॲश झाडं मारली. युरोपात बुरशीनं तेच चालवलं आहे. चांगल्या प्रतीच्या दांड्यांचे भाव खाली येण्याची वाट पाहत बसू नका.

दांड्यावर पुढून दिसणारे बाणासारखे आकार, म्हणजे चेव्हरॉन, यावर लोक फार भाळतात. मोजून भाव ठरवतात. बाण किती आहेत यापेक्षा कडेच्या बाजूंच्या रेघा टिपपासून (टोकाच्या चामड्याच्या बोंडापासून) जॉइंटपर्यंत न तुटता सरळ जातात का, हे बघा. रेघा मध्येच तिरक्या होऊन बाजूला पडत असतील तर तो दांडा तिथे कमजोर आहे आणि उद्या तिथूनच वाकेल. मेपल या दुसऱ्या लाकडात हे बघणं अवघड, कारण त्याच्या रेघा जवळपास दिसतच नाहीत. काहींना नेम धरून क्यूवरून बघताना ते स्वच्छ लाकूडच बरं वाटतं. पहिला क्यू असेल तर मी ॲश सुचवतो. त्याचे दोष डोळ्यांना दिसतात.

आता भाव. हे मला सध्या दिसणारे ढोबळ आकडे आहेत, विक्रेत्यागणिक बदलतील. पार्लरच्या रॅकमध्ये असतात तसे क्यू दीड ते तीन हजारांत. मशीन स्प्लाइसचा, खऱ्या ॲशचा, थ्री-क्वार्टर जॉइंटचा (मध्यावर नाही, बटकडे सुटा होणारा) बरा चिनी किंवा भारतात जुळवलेला क्यू चार ते दहा हजारांत. हाताच्या स्प्लाइसचे थायलंडचे आणि काही चिनी क्यू पंधरा हजारांपासून सुरू होऊन पस्तीस-चाळीसपर्यंत जातात. जेम्स वत्ताना या थाई खेळाडूच्या काळापासून थायलंडमध्ये स्नूकर मुरलं आहे आणि तिथल्या कारागिरांचा हात चांगला बसला आहे. वरच्या दर्जाचे थाई क्यू लाखाला टेकतात. इंग्लंडमधले नावाजलेले कारागीर, जॉन पॅरिससारखे, म्हणजे मोजमाप देऊन बनवून घ्यायचं, महिनोन्‌महिने थांबायचं आणि सगळा खर्च धरून लाखाच्या आसपास किंवा बरंच पुढे जायचं. पेराडॉन ही लिव्हरपूलची १८८५पासूनची कंपनी आहे. तिच्याकडे मशीन आणि हात दोन्ही प्रकार असतात, म्हणून नुसतं नाव बघून ‘हातानं बनवलेला’ समजू नका.

परदेशातून थेट मागवायचा विचार असेल तर वेबसाइटवरच्या किमतीला अंतिम धरू नका. कुरिअर, सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, वर कुरिअर कंपनीचा हाताळणीचा आकार. मी तरी छापील किमतीवर निम्मी रक्कम आणखी बाजूला ठेवून मगच ऑर्डर द्यायला सांगतो. आणि क्यू वाकडा निघाला तर परत पाठवण्याचा खर्च तुमचाच.

नाशकात मिळेल का? हातानं बनवलेले पाच-दहा क्यू मांडून ‘घ्या, हातात धरून बघा’ म्हणणारं दुकान मला इथे माहीत नाही. मेन रोड आणि कॉलेज रोडच्या खेळाच्या दुकानांत जे मिळतं ते बहुतेक घरच्या पूल टेबलासाठीचं. पार्लरवाले मागवून देतात, पण मागवलेला क्यू तुम्ही पैसे दिल्यावरच दिसतो. मुंबईला जाणं उत्तम. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि तिथल्या विक्रेत्यांकडे निदान चार क्यू शेजारी शेजारी धरून बघता येतात. मुंबईत एनएससीआय क्लबची ‘बॉकलाइन’ स्पर्धा किंवा पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांतली एखादी मोठी खुली स्पर्धा सुरू असेल तर तेव्हा जा. खेळाडूंच्या गराड्यात कोण कुठला क्यू विकतोय ते आपोआप कळतं.

तिथेच माझा तुम्हाला खरा सल्ला आहे: पंचवीस हजारांत नवा क्यू घेऊ नका. हातानं बनवलेला, चार-पाच वर्षं महाराष्ट्रातच वापरलेला जुना क्यू शोधा. नव्या क्यूबद्दल विक्रेता फक्त आश्वासन देऊ शकतो. जुन्यानं आपले तीन-चार पावसाळे काढलेले असतात आणि तो सरळ आहे की नाही हे समोर दिसतं. मन लावून खेळणारा माणूस वरचा क्यू घेतो तेव्हा आधीचा विकतो, आणि नव्याचे चाळीस हजार असलेला थाई क्यू मग तुमच्या बजेटात येऊ शकतो. स्नूकरमध्ये ‘वापरलेला’ म्हणजे झिजलेला असं नसतं. टिप आणि फेरूल (टिपखालची पितळी टोपी) बदलता येतात, बाकी लाकूड मुरतच जातं, लोणच्यासारखं. जुन्याच्या बाबतीत एकच गोष्ट मोजून घ्यायची: टिपजवळचा व्यास. कोणी वर्षानुवर्षं सॅण्डपेपर मारून दांडा बारीक केला असेल तर तो आता लवचिक झालेला असतो आणि जोरात स्क्रू, म्हणजे चेंडू मागे खेचणारा फटका, मारताना थरथरतो. टिप साडेनऊ ते दहा मिलिमीटर असावी. नऊच्या खाली गेलेला असेल तर सोडून द्या, कितीही सुंदर असला तरी.

हातात आल्यावर बघायचं कसं? टेबलवर घरंगळवून बघण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण ती अर्धीच विश्वासार्ह आहे. क्यू निमुळता असतो, टेबलचं कापड सगळीकडे सारखं नसतं, आणि बटचा चपटा भाग गोंधळ घालतो. त्यापेक्षा ट्यूबलाइटखाली उभे राहा, बटचं टोक डोळ्याशी धरा आणि दांड्यावर पडलेली उजेडाची रेघ बघत क्यू हळूहळू फिरवा. रेघ एका ठिकाणी मोडली तर तिथे वाक आहे. किंचित, लांबवर पसरलेला वाक चालतो. जॉइंटपाशी अचानक कोन होत असेल तर नको. मग जॉइंट घट्ट बसवून बटचा तळ तळहातावर हळूच आपटा. आवाज भरीव यायला हवा. खुळखुळ किंवा टिकटिक ऐकू आली तर पितळी जॉइंट आतून सुटला आहे, आणि तो नीट बसवणारा माणूस नाशकात शोधणं म्हणजे डोकेदुखी. शेवटी बोटावर तोल धरा. बटच्या टोकापासून साधारण सोळा ते अठरा इंचांवर तोल यावा. त्याच्या पुढे आला तर क्यू पुढून जड वाटेल.

लांबी आणि वजन तुमच्या अंगाचं बघा. पाच फूट चार ते पाच फूट दहा इंचांपर्यंतच्या माणसाला ५७-५८ इंच पुरतात. नियमानं तीन फुटांपेक्षा कमी चालत नाही एवढंच, वरची मर्यादा नाही. वजन १७ ते १९ औंसांत. अठरा औंस म्हणजे साधारण ५१० ग्रॅम, सुरुवातीला तेच बरं. जड क्यूनं ब्रेक (चेंडू फोडणारा पहिला फटका) जोरात होतो म्हणून वीस-एकवीस औंस घेणारे असतात. ते पूलचं वेड, स्नूकरला उपयोग नाही.

एक-पीस की थ्री-क्वार्टर, यावर जाणकार तासन्‌तास वाद घालतात. गंगापूर रोडवर स्कूटरवरून ५८ इंचांची नळी मागे आडवी लावून एकदा जाऊन बघा, वाद संपेल. थ्री-क्वार्टर घ्या. विमानात क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, सामानात टाकावा लागतो, तेव्हाही कडक थ्री-क्वार्टर केसच कामाला येते.

सांभाळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण इतके पैसे घालणार असाल तर वाचा. पावसाळ्यात ॲश फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पितळी फेरूल मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून मे महिन्यात फेरूलच्या कडेवर नख अडकतं. लगेच घासून एकसारखं करू नका. जुलैत लाकूड परत फुगतं आणि मग घासलेल्या फेरूलपेक्षा लाकूडच वर येतं. वर्षातले दोन ऋतू गेल्याशिवाय त्या कडेला हात लावायचा नाही. दांडा ओल्या फडक्यानं पुसू नका. घाम सुक्या सुती कापडानं, आणि वर्षातून दोन-तीनदा अगदी थोडं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं. चटणीच्या जवसाचं कच्चं तेल लावलं तर दिवसचे दिवस चिकट राहतं. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही, पसरून वाळत घालायची. हे तेल वाळताना तापतं आणि बोळ्याला आग लागू शकते. गाडीच्या डिकीत क्यू ठेवणं म्हणजे लाकूड तव्यावर ठेवणं. घरी केसमध्ये, बाथरूमच्या भिंतीपासून दूर.

फेरूल खराब झालं तर नाशिकला काळजी नाही. पितळेचं काम हे गावच्या अंगात आहे, भांडी बाजारापासून अंबड-सातपूरच्या लेथवाल्यांपर्यंत. जुनं फेरूल नमुना म्हणून द्या, मोजून देतील. फक्त लाकडावर बसवण्याचं काम क्यू ओळखणाऱ्याकडूनच करून घ्या.

टिपसाठी महागड्या थरांच्या टिपेपासून सुरुवात करू नका. साधी एल्क मास्टर दाबून बसवलेली असेल तर वर्षभर पुरते, आणि बदलायला सोपी. आणि तो क्यू पूल टेबलवर नेऊ नका. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. जड चेंडूवर ब्रेक मारत राहिलात तर बारीक फेरूल सैल होतं. आपल्या बहुतेक पार्लरमध्ये दोन्ही टेबलं शेजारी असतात आणि मित्र ‘एक फ्रेम’ म्हणून हातातून क्यू घेतात, तेव्हा रॅकमधला क्यू त्यांच्या हातात द्या. मार्करनं (पार्लरमधलं टेबल सांभाळणाऱ्यानं) टिप नीट करताना फेरूलखालच्या लाकडावरही सॅण्डपेपर फिरवायला सुरुवात केली तर ओरडायला लाजू नका.